'अप्रेंटिस'चा पहिला सीझन पाहणार असशील तर

2004चा अमेरिकन 'अप्रेंटिस', म्हणजे डोनाल्ड ट्रम्पच्या कंपनीतल्या नोकरीसाठी स्पर्धक झुंजतात तो रिअ‍ॅलिटी शो, पहिल्यांदाच बघतोयस ना? मग आधी एक सांगतो, शेवटी कोण जिंकलं ते मुद्दाम शोधायला जाऊ नकोस. मात्र ते आधीच कळलं असेल तरी काही बिघडत नाही. मी तिसऱ्यांदा पाहताना उलट जास्त शिकलो.

सोळा जण, पुरुषांचा एक संघ नि बायकांचा एक. पहिलंच काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबू सरबत विकायचं. हा भाग दोनदा बघ, आणि दुसऱ्यांदा फक्त जागेकडे लक्ष ठेव: कोण कुठे उभं राहिलं, गिऱ्हाईक कुठून येत होतं. बायकांनी पहिली चारही कामं जिंकली, पण विक्रीसाठी रूपाचा वापर केल्याबद्दल त्यांना समजही मिळाली. त्यावर स्वतःचं मत बनव.

हरलेल्या संघातल्या एकाला ट्रम्प जिथे बाहेर काढतो, त्या बोर्डरूममधलं ओरडणं मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. त्यापेक्षा ट्रम्पचे सल्लागार जॉर्ज रॉस आणि कॅरोलिन केप्चर काय टिपतात ते ऐक.

खरा ऐवज शेवटच्या कामात आहे, जिथे दोनच स्पर्धक उरतात. क्वामे जॅक्सनकडे अटलांटिक सिटीतला गायिका जेसिका सिम्प्सनचा कार्यक्रम होता, बिल रॅन्सिककडे गोल्फ स्पर्धा. क्वामेच्या हाताखाली ओमारोसा ही आधी बाद झालेली स्पर्धक होती. ती त्याच्याशी खोटं बोलली, तरी त्याने तिला कामावरून काढलं नाही. इतका शांत, हुशार माणूस तिथे अडकतो, हे बघताना मला अजूनही वाईट वाटतं. तिथे थांब, आणि तू काय केलं असतंस ते वहीत लिही. मगच निकालाचा भाग लाव.