हंगेरियन आणि बास्क: सारखेपणा आहे, नातं नाही

तुमचा प्रश्न असा आहे की, हंगेरियन आणि बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरची भाषा) या दोन्ही भाषा युरोपात असून इंडो-युरोपीय (मराठी, इंग्रजी ज्यात येतात ते भाषाकुळ) नाहीत, दोन्हींत प्रत्ययाला प्रत्यय लागतो, दोन्हींत अनेकवचन 'क'ने होतं, मग या बहिणी असतील का? आणि मराठी माणसाने आधी कुठली शिकावी?

बहिणी नाहीत. 'इंडो-युरोपीय नाही' हे काही कुळाचं नाव नव्हे. कन्नडही इंडो-युरोपीय नाही आणि जपानीही नाही, म्हणून त्या एका घरच्या ठरत नाहीत.

तुम्ही दाखवलेला 'क' मात्र खरोखर फसवा आहे. हंगेरियनमध्ये 'हाझ' म्हणजे घर आणि 'हाझॉक' म्हणजे घरं. बास्कमध्ये 'एचे' म्हणजे घर आणि 'एचेआक' म्हणजे ती घरं. याहून फसवी जोडी आहे तीन या संख्येची: हंगेरियन 'हारोम', बास्क 'हिरु'. हे पाहून कुणालाही वाटेल की काहीतरी सापडलं. पण हंगेरियनचा 'ह' कुठून आला ते बघा. हंगेरियनची लांबची नातलग असलेल्या फिनिशमध्ये (फिनलंडची भाषा) तीन म्हणजे 'कोल्मे', मासा म्हणजे 'काला', मरणे म्हणजे 'कुओल्ला'. हंगेरियनमध्ये मासा 'हॉल' आणि मरणे याचा धातूही 'हॉल'. म्हणजे जिथे फिनिशमध्ये 'क', तिथे हंगेरियनमध्ये 'ह'. तसंच 'प' आणि 'फ'चं: झाड 'पू' आणि 'फॉ', डोकं 'प्या' आणि 'फेय', घरटं 'पेसा' आणि 'फेसेक'. एखादा शब्द योगायोगाने जुळतो, पण असा नियम योगायोगाने जुळत नाही. नातं सिद्ध होतं ते या नियमित बदलांवर, दिसण्यावर नाही. बास्कमध्ये हाच प्रयोग करा: मासा 'आर्राइन', पाणी 'उर', हात 'एस्कु', रक्त 'ओदोल'. हंगेरियनमध्ये पाणी 'वीझ', हात 'केझ', रक्त 'वेर'. कुठलाच नियम उभा राहत नाही.

हंगेरियनची सर्वांत जवळची नातलग मंडळी पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात आहेत, खांती आणि मान्सी. हंगेरियन लोक कार्पेथियन खोऱ्यात नवव्या शतकाच्या अखेरीस आले. हे उत्तरेकडचं नातं मांडणाऱ्यांत यानोश शाइनोविच हा जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आघाडीवर होता. 1769 साली शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना) पाहायला तो नॉर्वेच्या टोकाला वार्डोला गेला, तिथे त्याने सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातल्या स्थानिक लोकांची) भाषा ऐकली आणि 1770 साली ती हंगेरियनशी जोडणारा ग्रंथ छापला. मायदेशी अनेकांना ते अजिबात रुचलं नाही. सामींसारख्या मच्छीमारांशी नातं कुणाला हवं होतं?

बास्कला असे जिवंत नातलग नाहीत. नैऋत्य फ्रान्समध्ये रोमन काळातल्या लॅटिन शिलालेखांत काही स्थानिक नावं आढळतात. त्यांत 'किसोन', 'नेस्कातो', 'आंदेरे' अशी नावं आहेत. आजच्या बास्कमध्ये 'गिसोन' म्हणजे पुरुष, 'नेस्कातो' म्हणजे मुलगी, 'आंद्रे' म्हणजे बाई. या अक्विटानियन भाषेपलीकडे बास्कचा माग लागत नाही.

आता मला जास्त जिव्हाळ्याचा भाग. मराठी माणसाला बास्कमध्ये एक गोष्ट घरबसल्या कळते, ती म्हणजे कर्त्याचा प्रत्यय. 'गिसोना एतोर्री दा' म्हणजे माणूस आला. 'गिसोनाक सागार्रा यान दु' म्हणजे माणसाने सफरचंद खाल्लं. 'आला'च्या कर्त्याला प्रत्यय नाही, 'खाल्लं'च्या कर्त्याला आहे. आपला 'ने' आणि त्यांचा 'क' एकाच जागी. स्पॅनिशवरून येणाऱ्याला जे पचायला महिने लागतात ते आपण लहानपणापासून बोलतोय. फरक इतकाच की आपला 'ने' भूतकाळासारख्या ठिकाणीच येतो, त्यांचा सगळीकडे: 'गिसोनाक सागार्रा यातेन दु', म्हणजे 'माणूस सफरचंद खातो', इथेही 'क' आहेच. शिवाय आपण 'मी खाल्लं' म्हणताना 'मी'ला काही लावत नाही, बास्कमध्ये 'नि'चं 'निक' होतं. (तुमच्या अनेकवचनाच्या 'क'शी हा 'क' दिसायला एकच. 'गिसोनाक' म्हणजे 'माणसाने' की 'ती माणसं', हे वाक्यावरून ठरतं.)

हंगेरियनमध्ये उलटं. तिथे कर्ता कोरा आणि प्रत्यय कर्माला: 'ऑल्मा' म्हणजे सफरचंद, खाल्लं जाणारं ते 'ऑल्मात'. आणि क्रियापद बघतं ते कर्म ठरावीक आहे का: 'एक सफरचंद दिसतंय' यासाठी 'लातोक', 'ते सफरचंद दिसतंय' यासाठी 'लातोम'. हे मराठीत कुठेच नाही, त्यामुळे इथे घाम निघतो. दुसरं म्हणजे स्वरांचा मेळ. 'घरात' म्हणजे 'हाझबॉन', पण 'हातात' म्हणजे 'केझबेन'; शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो. बास्कमध्ये असा नियम नाही.

बास्कचं अवघड प्रकरण म्हणजे सहायक क्रियापद. 'एमान दिस्किओत' म्हणजे 'मी त्याला त्या (वस्तू) दिल्या'. त्या 'दिस्किओत'मध्ये 'स्कि' म्हणजे वस्तू अनेक, 'ओ' म्हणजे त्याला, 'त' म्हणजे मी. कर्ता, कर्म आणि घेणारा, तिघेही एका छोट्या शब्दात! जवळच्या मित्राशी बोलताना तर 'तो आला' हे 'एतोर्री दुक' होतं आणि मैत्रिणीशी 'एतोर्री दुन'. ऐकणारा वाक्यात कुठेच नाही, तरी क्रियापद त्याची दखल घेतं. आणि हे अशा भाषेत, जिच्या नामांना लिंगच नाही.

शिकायचीच तर हंगेरियनची साधनं इंग्रजीतून भरपूर मिळतात आणि एक कोटीहून अधिक लोक ती बोलतात. बास्कची चांगली पुस्तकं बहुतेक स्पॅनिश किंवा फ्रेंचमधून आहेत, बोलणारे काही लाख. तरी तुम्हाला व्याकरणाची ओढ आहे असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून मी बास्क आधी सांगेन. फक्त सुरुवात 'बातुआ'पासून करा, म्हणजे 1968 साली बास्क प्रदेशातल्या अरांत्सासू इथल्या बैठकीनंतर घडत गेलेली प्रमाणभाषा. बोलीभाषांत सहायक क्रियापदाची रूपं गावागणिक बदलतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. बातुआतली 'दा', 'दु' आणि 'दिओ' (यात घेणाराही आला) ही तीन रूपं पक्की झाली की 'दिस्किओत'सारखी रूपं पुढे आपोआप उलगडत जातात.