कुर्तीवरची फुलं आणि बाबांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. मैत्रिणींच्या कुर्त्यांवर हाताने फुलं भरून देते. एका गळ्याला १५ तास जातात, ४०० रुपये मिळतात. एक कुर्ती धुतल्यावर आखडली, तेव्हा खूप रडली. तरी पुढे हेच करायचं म्हणते. तिच्या बाबांना हे मान्य नाही. काय करावं?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला तिच्या कामाचा फोटो मी मोठा करून पाहिला. जास्वंदीच्या पाकळ्या तिने दोनपदरी धाग्याने लांब-आखूड टाक्यांत भरल्या आहेत. कडेचा गडद लाल आत जाता जाता गुलाबी होतो, आणि तो कुठे बदलला ते शोधूनही सापडत नाही. असा हात मी फार कमी मुलींचा पाहिलाय.

कुर्ती आखडली त्यात तिच्या हाताचा दोष नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, वरचं भरतकाम तेवढं आटत नाही, म्हणून फुलाभोवती चुण्या पडतात. कापड आधी पाण्यातून काढून, इस्त्री करून मग रिंगमध्ये लावायचं. लाल धागा रंग सोडतो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं. शिवाय ती तयार कुर्तीवर भरते. त्यापेक्षा अख्ख्या कापडावर गळा आखावा, भरावा आणि मग बेतावं, म्हणजे शिवणीवर वेल तुटत नाही. त्यासाठी तिला बेतणं यायला हवं. आज तिला नव्या टाक्यांपेक्षा याची गरज जास्त आहे.

आता बाबांचं. १५ तासांना ४०० म्हणजे तासाला २७ रुपयेसुद्धा पडत नाहीत, त्यातून धागा वेगळा. या दराने त्यांचा विरोध मला रास्त वाटतो. पण काम तेच ठेवून गिऱ्हाईक बदलता येतं. आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी आहे, आणि पैठणीवर नवरीला भरलेलं ब्लाउज हवं असतं. तिथे आरीकाम चालतं. खाटेवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर आरीच्या, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या हत्याराच्या, आकड्याने साखळी टाका सुईपेक्षा कितीतरी भराभर पडतो. ते तिने शिकावंच.

आयटीआयमध्ये एक वर्षाचा ‘ड्रेस मेकिंग’ ट्रेड असतो. भरतकामाचाही वेगळा आहे, ‘सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स’. मी पहिला निवडेन. जागा कुठल्या आयटीआयला आहेत, ते प्रवेशाच्या वेळी बघा. पदवी सोडू नका. आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. काम सांभाळून होतं, आणि तिला पुढे बिलं-हिशेब स्वतःच बघायचे आहेत. खारघरच्या निफ्टला, म्हणजे फॅशनच्या राष्ट्रीय संस्थेला, कॉमर्सवाल्यांनाही ४ वर्षांच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा देता येते. फी मोठी आहे, चित्रकला आवडत असेल तरच विचार करा.

तूर्त पुढच्या कुर्तीला तिला वहीत तास आणि धाग्याच्या लड्या लिहायला सांगा, आणि ती वही बाबांना दाखवू द्या. मला मात्र या वेळी कामाच्या उलट्या बाजूचा फोटो पाठवा. गाठी कशा लपवते, ते बघायचंय.