मेंदूच्या जुन्या दुखापतीने त्रस्त माजी सैनिकाला संगणकावरील बौद्धिक व्यायामांचा उपयोग होतो का?

उपयोग होतो, पण तो माफक असतो. डोक्याला सौम्य मार बसून बराच काळ लोटला तरी विसराळूपणा आणि लक्ष न लागणे कायम राहिलेल्या ८३ अमेरिकी सैनिक व माजी सैनिकांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आवाजातला किंवा चित्रातला बारीक फरक झटपट ओळखण्यासारखे, जमेल तसतसे कठीण होत जाणारे व्यायाम १३ आठवडे करणाऱ्यांचे आकलनक्षमतेचे गुण साधे संगणकीय खेळ खेळणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले, आणि ही आघाडी पुढे तीन महिने टिकली. मात्र हे संशोधन व्यायामप्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्याच पुढाकाराने झाले होते (खेळ खेळणारेही सुधारले होतेच), आणि गंभीर दुखापतीला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.