सीट स्विच बदलण्याआधी

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

लोडर खड्ड्यात आपटला की बकेट आणि चाकं दोन्ही थांबतात, डिस्प्लेवर सीटचं चिन्ह येतं, आणि मालक म्हणतो नवीन स्विच आण, असं तू लिहिलंस. जरा थांब. ते चिन्ह इतकंच सांगतं की कंट्रोलरला, म्हणजे सीट रिकामी असली की मशीन अडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, सीटवर माणूस दिसत नाही. माणूस का दिसत नाही, याची कारणं गादीपासून कंट्रोलरपर्यंत कुठेही असू शकतात, आणि बऱ्याचदा स्विच निर्दोष निघतो.

आधी मशीन सपाट जागेवर घे. बकेट जमिनीला टेकव, पार्किंग ब्रेक लाव, चावी बंद कर. बूम (बकेट उचलणाऱ्या दांड्या) वर अडकला असेल तर कंपनीचा बूम सपोर्ट लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. इंजिन बंद असतानाही वर असलेल्या बूममध्ये वजन असतं.

मग ऑपरेटरला विचार, नेमकं कधी होतं? फक्त धक्क्याला होत असेल तर लूज कॉन्टॅक्ट किंवा बसलेली गादी. पुढे वाकून बकेट बघताना होत असेल तर सीटची बैठक. सकाळी होतं आणि ऊन पडल्यावर जातं, किंवा वॉशिंग सेंटरहून आल्यावर सुरू झालं, तर कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी. सीटवर कोणी नसतानाही मशीन चालतं, असं उत्तर आलं तर ती सगळ्यात वाईट बातमी. वायर शॉर्ट झालेली असते किंवा कुणीतरी आधीच डायरेक्ट करून, म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडून ठेवलेलं असतं. असं मशीन त्या क्षणी कामावरून काढायचं. एका ऑपरेटरला त्रास आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांचं वजन विचार. बऱ्याच सस्पेन्शन सीटला वजनाची नॉब असते. ती जाड माणसासाठी लावून ठेवली की सडपातळ पोरगा बसल्यावर सीट पुरेशी खाली जात नाही.

सीट उघडण्याआधी बॅटरी बघ. रात्रभर थांबलेल्या मशीनची १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, क्रॅंक करताना (स्टार्टर फिरत असताना) ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. व्होल्टेज कमी पडलं की कंट्रोलर भलतेच कोड दाखवतो आणि आपण सीटवर तास घालवतो. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) चेसिसला जिथे लागतं तिथे रंग किंवा गंज आहे का तेही पाहून घे.

आता सीट. इथे घाई करू नकोस. बऱ्याच लोडरमध्ये सीटचं पॅन पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं, मागे स्प्रिंगा असतात, आणि माणूस बसला की पॅन थोडं खाली जाऊन खालच्या स्विचचा प्लंजर, म्हणजे दाबला जाणारा छोटा दांडा, दाबतं. तो प्रवास मोजक्या मिलिमीटरचा. पॅनखाली खडी, वाळलेला चिखल किंवा ऑपरेटरचा रुमाल-तंबाखूची पुडी अडकली की प्रवास संपला. नाशिकजवळच्या सारूळकडच्या क्रशरवर चालणाऱ्या मशीनमध्ये बारीक दगडपूड प्लंजरच्या रबरी टोपीत शिरते आणि तो अर्धवट अडकतो. निफाडकडची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. सीट उचल, ब्रशने झाड, बिजागरी हाताने हलवून बघ. प्लंजर बोटाने दाबून सोड, तो लगेच वर आला पाहिजे. रेंगाळत आला तर स्विच साफ करत बसू नकोस, तो मात्र बदलायचाच. ग्रीस तर अजिबात मारू नको, धूळ त्यावर आणखी बसते.

दुसऱ्या प्रकारात स्विच गादीच्या फोममध्ये चटईसारखा पातळ असतो. तिथे फोम मेला, म्हणजे मधोमध बसून कडक झाला, की वजन स्विचवर न येता कडेच्या फ्रेमवर जातं. हाताने दाबल्यावर काम करतो आणि माणूस बसल्यावर करत नाही, ही त्याची ओळख. फाटलेल्या रेक्झिनमधून पावसाचं पाणी आत गेलं तर फोम ते कित्येक दिवस धरून ठेवतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभ्या राहणाऱ्या मशीनची गादी काढून पिळून बघ, समजेल. गादीखाली जास्तीचा कपडा घालून काम चालवणारे भेटतील. त्याने स्विच कायमचा दाबलेला राहू शकतो, म्हणजे आपण वर म्हटलेली वाईट बातमी स्वतःच तयार केली.

यानंतर मल्टिमीटर. चावी बंद ठेवून सीटखालचा कपलर सोड. साध्या नॉर्मली ओपन स्विचमध्ये सीट मोकळी असताना ओपन (सर्किट तुटलेलं), माणूस बसल्यावर साधारण १ ओहमच्या आत. चटईच्या प्रकारात आकडा थोडा जास्त येऊ शकतो. तीन किंवा चार पिन दिसल्या तर आत दोन संपर्क असण्याची शक्यता धर: एक बसल्यावर जुळतो, दुसरा बसल्यावर सुटतो, आणि कंट्रोलर दोन्ही ताडून बघतो. काहींत रेझिस्टर किंवा डायोडही असतो. म्हणून बीप ऐकून निकाल देण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेव. रीडिंग चालू असताना मदतनीसाला सीटवर हलकं उसळायला सांग आणि मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेव. स्थिर बसल्यावर बरोबर आणि उसळल्यावर क्षणभर ओपन, तर धक्क्याचा दोष सापडला. खूप मशीनमध्ये कंट्रोलर अशा क्षणिक उघडण्याकडे दुर्लक्ष करायला थोडा वेळ ठेवतो, त्यामुळे लहानशी उसळी माफ असते. लांबलेली मात्र पकडली जाते.

स्विच बरोबर निघाला तर कपलरच्या हार्नेसच्या, म्हणजे कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूने चावी ऑन करून व्होल्टेज बघ. इंजिन सुरू करायचं नाही. डायग्रामप्रमाणे एका वायरवर ५ किंवा १२ व्होल्ट यायला हवेत, अर्थिंगच्या वायरचा बॅटरी निगेटिव्हशी फरक ०.२ व्होल्टच्या आत. फक्त ओहम बघून अर्थिंग चांगलं म्हणू नकोस. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्य दाखवतो. वायरची दोन्ही टोकं सोडव, कंट्रोलरकडचंही, आणि त्या वायरमधून ५ वॅटचा छोटा बल्ब पेटवून बघ. मंद पेटला तर वायर आतून तुटत आली आहे. कंट्रोलरला जोडलेल्या वायरवर टेस्ट लॅम्प लावू नकोस, कंट्रोलरचा खर्च स्विचच्या कितीतरी पट आहे.

वायर बहुधा तिथेच तुटते जिथे सीट पुढे-मागे सरकते किंवा इंजिन बघायला सीट-केबिन उचलली जाते. सीट दोन्ही टोकांना सरकवून हार्नेस ताणला जातो का, सीटच्या रेलमध्ये चिमटतो का ते बघ. कपलरमध्ये हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून चालेल, पण पिन काळी पडलेली असेल तर नवीन पिन क्रिंप कर (क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून बसव). फिमेल पिन सैल झाली आहे का हे तशीच मेल पिन घालून ओढून कळतं, ती अडखळत निघाली पाहिजे. जोड मारताना वायर पिळून टेप गुंडाळू नको. क्रिंप जोड आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापर. इथल्या वायरला सोल्डरही नको, थरथराटात ती सोल्डरच्या कडेलाच तुटते. सीटच्या पूर्ण प्रवासाएवढा वळसा सोडून क्लॅम्प लाव.

डायरेक्ट करण्याबद्दल. शोध घेताना सेकंदभर जंपर (स्विचऐवजी जोडायची तात्पुरती वायर) लावायला हरकत नाही: इंजिन बंद, चावी ऑन, बकेट जमिनीवर, नजर डिस्प्लेवर. चिन्ह गेलं तर दोष जंपरच्या सीटकडच्या बाजूला, नाही गेलं तर कंट्रोलरकडे. मग जंपर काढून खिशात. दोन संपर्कांच्या स्विचमध्ये एकच जंपर लावला तर दोन्हींचा ताळमेळ न बसून नवा कोड येतो, त्याने गोंधळू नकोस. २०२७च्या सिंहस्थासाठी रस्त्याची आणि घाटाची कामं अंगावर आहेत, काम थांबू नये म्हणून मालक तुला "तात्पुरतं डायरेक्ट कर" म्हणेल. नाही म्हण, आणि लिहून दे. माणूस उठताना त्याचा गुडघा लिव्हरला लागून बूम हलतो, आणि स्किड स्टिअरमध्ये, म्हणजे दोन दांड्यांच्या मध्ये केबिन असलेल्या छोट्या लोडरमध्ये, बाहेर पडायची वाट बूमच्याच दोन दांड्यांमधून जाते.

सीट बरोबर असून मशीन अडत असेल तर सेफ्टी बारचा (ऑपरेटरच्या पुढे खाली ओढायच्या दांड्याचा) सेन्सर, बेल्टचा स्विच आणि पुढच्या दाराचा स्विच बघ. बारचा सेन्सर पुष्कळदा चुंबकावर चालतो. बारच्या टोकाचं बुश झिजून अंतर वाढलं की सिग्नल जातो. क्रमही तपास: काही मॉडेलमध्ये आधी बसणं, मग बार खाली, मग ऑपरेट बटण, असंच चालतं, आणि नवीन ऑपरेटर उलट करून तक्रार करतो.

काम झालं की मोकळ्या जागेत, आजूबाजूला कुणी नसताना, इंजिन मंद ठेवून बकेट जमिनीपासून वीतभर उचल. बार वर कर आणि लिव्हर हलव, बूम आणि चाकं हलता कामा नयेत. बार खाली घेऊन पुन्हा चालू होतं का बघ. सीट स्विचची चाचणी मात्र मॅन्युअलमध्ये दिली तशीच कर. उठून उभं राहून प्रयोग करू नकोस.

नवीन स्विच लागलाच तर मशीनच्या सिरियल नंबरवरून पार्ट नंबर काढ. एकाच मॉडेलमध्ये सीटचा पुरवठादार बदलला की स्विचही बदलतो. अंबड-सातपूरच्या दुकानात "हेच बसतं" म्हणून दिला तर तिथेच मीटर लाव. कपलर जुळला तरी नॉर्मली ओपनऐवजी नॉर्मली क्लोज्ड असू शकतो. जुना फेकू नकोस, शेजारी ठेवून प्लंजरची उंची मोजून घे.

मॉडेल, सिरियल नंबर, सीटखालच्या कपलरच्या पिनांची संख्या आणि बसल्या-उठल्याचे ओहम मला लिहून पाठव. मग पुढचं बघू.

तुझा,
काका