तेलुगू सिनेमाचं माझं वर्ष : २०१८

तुम्ही विचारलंय की तेलुगू सिनेमाचं कोणतं वर्ष सगळ्यांत जवळचं वाटतं, का वाटतं, आणि आजवर फक्त हिंदीत डब झालेले सिनेमे पाहिलेल्या माणसानं त्या वर्षातलं आधी काय पाहावं.

माझं उत्तर २०१८. बाहुबलीचं वर्ष नाही, आरआरआरचंही नाही.

मी मूळचा देगलूरचा. आमच्या बाजारात तेलुगू कानावर पडतंच, पण भावताव करण्यापुरतं. २०१६ला नोकरीसाठी हैदराबादला आलो, कुकटपल्लीत खोली घेतली आणि तेलुगू खऱ्या अर्थानं शिकलो ते सिनेमातून. खोलीतला जोडीदार प्रोद्दुटूरचा, म्हणजे रायलसीमेतल्या कडपा जिल्ह्यातला. घरमालकीण आंटी अमलापुरमच्या, गोदावरीकाठच्या कोनसीमेतल्या. ऑफिसात शेजारी बसायची ती मुलगी श्रीकाकुळमची, म्हणजे उत्तरांध्रातली. 'काय?' असं विचारायचं झालं तर आंटी 'एंटि' म्हणायच्या, खालचा किराणावाला 'एंदि', आणि शेजारची मुलगी घरच्यांशी फोनवर बोलताना 'एटि'. बोलण्याच्या या ढंगाला तेलुगूत 'यास' म्हणतात. तुम्ही कुठल्या मातीतले आहात हे तुमची यास दोन वाक्यांत सांगून टाकते.

हे आधी सांगितलं कारण २०१८ माझ्यासाठी बोलींचं वर्ष होतं. त्याआधीच्या बहुतेक सिनेमांत नायक-नायिका कृष्णा-गुंटूर जिल्ह्यांकडची, घासूनपुसून घेतलेली भाषा बोलायचे. तेलंगणाची बोली गुंडाच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला, रायलसीमेची बोली खुनशी फॅक्शनवाल्याच्या, म्हणजे गावागावांतल्या वैरात माणसं मारणाऱ्याच्या तोंडी, श्रीकाकुळमची बोली घरकामाच्या बाईला. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी 'कामून' म्हटल्यावर वर्गात जे हसू पिकायचं ते अजून विसरलो नाही. २०१७च्या फिदामध्ये बांसवाड्याची नायिका तेलंगणाची बोली ताठ मानेनं बोलली होती. बांसवाडा आमच्या देगलूरहून फार लांब नाही. तो सिनेमा पाहून बाहेर पडताना मला कुणीतरी आपली बाजू घेतल्यासारखं वाटलं होतं. २०१८मध्ये हेच एकामागून एक घडत गेलं.

वर्षाची सुरुवात मात्र वाईट झाली. १० जानेवारीला, संक्रांतीच्या तोंडावर, अज्ञातवासी आला. पवन कल्याणचा पंचविसावा सिनेमा, दिग्दर्शक त्रिविक्रम, गावभर कटआऊट आणि हार. इंटरव्हललाच थिएटरातला आवाज बसला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तर डिजिटल प्रक्षेपणाच्या दरांवरून निर्माते आणि सेवा देणाऱ्या कंपन्या यांच्यात वाद पेटला आणि आंध्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांतली थिएटरं बंद राहिली. शुक्रवारी सिनेमा नाही म्हणजे काय, हे हैदराबादेत राहिल्याशिवाय कळणार नाही. चहाच्या टपरीवर लोकांना बोलायला विषय उरला नव्हता.

मग ३० मार्चला रंगस्थलम आला.

आम्ही तो कुकटपल्लीच्या भ्रमरांबा थिएटरमध्ये पाहिला. सुकुमारचं दिग्दर्शन, १९८०च्या दशकातलं गोदावरीकाठचं गाव, आणि रामचरण चिट्टिबाबूच्या भूमिकेत. दाढी वाढलेली, लुंगी नेसलेला, कानानं अधू. शेताला पाणी देणारी मोटर चालवणं हे त्याचं काम आणि गावात त्याची ओळख 'साउंड इंजिनिअर'. ऐकू कमी येतं हे तो कुणासमोर कबूल करत नाही. महेश नावाचा एक पोरगा कायम त्याच्या मागे असतो आणि कोण काय म्हणालं ते त्याच्या कानाशी ओरडून सांगतो. पहिला अर्धा तास आपण हसतो. नंतर कळतं की अख्खा सिनेमा त्या कानावर उभा आहे. गावच्या प्रेसिडेंटची तीस वर्षांची दहशत, सोसायटीच्या कर्जाचे खोटे हिशोब, लोक काय कुजबुजतात आणि काय गिळून टाकतात, हे सगळं ज्या माणसाला सगळ्यांत उशिरा ऐकू येतं तोच या गोष्टीचा नायक आहे. ध्वनीच्या अंतिम मिश्रणासाठी राजाकृष्णन यांना याच सिनेमाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या गोष्टीला आवाजाचा पुरस्कार मिळाला, याचा मला फार आनंद झाला.

एवढा मोठा स्टार तीन तासांच्या सिनेमात सुरुवातीपासून शेवटापर्यंत गोदावरीची बोली बोलतो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. दुसऱ्या आठवड्यात आंटी त्यांच्या बहिणीबरोबर जाऊन आल्या. जिन्यातच मला थांबवून म्हणाल्या, "बाबू, तो पोरगा अगदी माझ्या धाकट्या भावासारखा बोलतो रे." त्यांचा भाऊ अमलापुरमला नारळाचा व्यापार करायचा आणि प्रत्येक होकारामागे 'आय' लावायचा. आंटी हैदराबादेत वीस वर्षं राहून स्वतःचा 'आय' विसरत चालल्या होत्या. त्या संध्याकाळी फोनवर तो परत आलेला मी ऐकला.

सिनेमात दोष आहेत. मध्ये घुसवलेलं आयटम गाणं मला नको होतं आणि उत्तरार्ध लांबला आहे. पण पुन्हा लागला तर मी पुन्हा बसेन.

९ मे रोजी महानटी आला, जुन्या काळची नटी सावित्री हिच्या आयुष्यावरचा, आणि त्याला मी आंटींना सोबत घेऊन गेलो. सावित्री म्हणजे त्यांच्या तरुणपणीची देवीच. बोलीचा विषय इथे वेगळ्या वाटेनं येतो. तेलुगू सिनेमात परभाषिक नायिकांना बहुतेकदा दुसऱ्याच बाईचा आवाज देतात. इथे कीर्ती सुरेश तेलुगू नसूनही स्वतःच्या आवाजात बोलली, आणि सावित्रीचा नवरा, नट जेमिनी गणेशनच्या भूमिकेतला दुल्कर सलमानही. एका जागी तर मी खुर्चीत पुढे सरकलो. १९५७च्या मायाबाजारमधल्या एका गाण्यात घटोत्कच नायिका शशिरेखेच्या रूपात असतो. म्हणजे सावित्रीला शशिरेखेच्या देहातला घटोत्कच करायचा होता, घटोत्कच झालेल्या एस. व्ही. रंगारावांची ऐट नाजूक अंगात आणायची होती. आणि कीर्तीला तो घटोत्कच करणारी सावित्री करायची होती. डोळे वटारणं, भुवई उडवणं, चालता चालता मध्येच बाईपण विसरणं. आंटींनी माझं मनगट धरलं ते गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. कीर्तीला त्या वर्षीचा अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि महानटी उत्कृष्ट तेलुगू सिनेमाही ठरला. शेवटच्या काळातली दारू आणि एकटेपण थोडं घाईनं उरकलंय असं मला वाटतं. आंटींना ते तेवढंच पुरेसं वाटलं. त्यापुढचं बघवलं नसतं, म्हणाल्या.

मधले महिने भरगच्च गेले. भरत अने नेनु चालला, मला बेताचाच वाटला. २९ जूनचा ई नगरानिकि एमैंदि हा चार मित्रांचा, हैदराबादेतून झिंगत गोव्याला पोचणारा सिनेमा. सिनेमाआधी दाखवतात ती धूम्रपानविरोधी जाहिरात आठवा, 'या शहराला झालंय तरी काय' असं विचारणारी. नाव तिथून उचललेलं. त्यातली पोरं मी राहत होतो त्या हैदराबादची भाषा बोलतात. वाक्य तेलुगूत सुरू होतं आणि दखनीत संपतं. ३ ऑगस्टला एकाच दिवशी गूढचारी आणि चि ल सौ आले, दोन्ही कमी खर्चाचे, दोन्ही नेटके. चि ल सौ जवळजवळ एका रात्रीत घडतो : मुलगी बघण्याचा कार्यक्रम, तोही दोघांचाच. त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गीत गोविंदमची गाणी १५ ऑगस्टच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक रिक्षात वाजत होती.

आता कंचरपालेमबद्दल. यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो.

केअर ऑफ कंचरपालेम ७ सप्टेंबरला लागला. कंचरपालेम ही विशाखापट्टणममधली खरी वस्ती. वेंकटेश महा या नव्या दिग्दर्शकानं सिनेमा तिथेच चित्रित केला आणि त्यातली बहुतेक माणसंही तिथलीच घेतली, त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली. निर्माती प्रवीणा परुचुरी पेशानं अमेरिकेतली हृदयरोगतज्ज्ञ, आणि सिनेमात तिनं सलीमाची भूमिकाही केली आहे. चार प्रेमकथा आहेत. शाळकरी सुंदरम आणि सुनीता. ख्रिस्ती जोसेफ आणि ब्राह्मणाघरची भार्गवी. दारूच्या दुकानातला गड्डम आणि चेहरा झाकून दारू घ्यायला येणारी सलीमा. आणि सरकारी कार्यालयातला शिपाई राजू, वय ४९, बिनलग्नाचा, आणि त्याच्या वर बदली होऊन आलेली ओडिशाची विधवा अधिकारी राधा.

गड्डमला सलीमाचे फक्त डोळे दिसतात. ती रोज येते, पैसे पुढे करते, बाटली घेते आणि जाते. तो त्या डोळ्यांच्या प्रेमात पडतो. ती कोण, कशी, कुठली, काहीच माहीत नाही. बस एवढंच, आणि तरी दुकानाच्या जाळीमागचा तो माणूस पैसे मोजायला विसरतो तेव्हा थिएटरमध्ये कुणी हसत नव्हतं.

मी हा सिनेमा श्रीकाकुळमच्या त्या मैत्रिणीबरोबर आणि ऑफिसातल्या आणखी दोघांबरोबर पाहिला. राजूच्या लग्नाची काळजी त्याच्यापेक्षा वस्तीलाच जास्त आहे. पारावर बसून लोक त्याच्यावर चर्चा करतात, नाही नाही त्या शंका घेतात. ही सगळी बोलणी उत्तरांध्रच्या बोलीत आहेत, 'एटि'वाल्या बोलीत. आमच्यासमोर ती मैत्रीण कधी 'एटि' म्हणायची नाही. ऑफिसात शुद्ध 'एंटि'. त्या दिवशी इंटरव्हलला कॉफीचे पेले घेऊन ती परतली तेव्हा तिनं आम्हाला तिच्या बोलीत विचारलं, कसं वाटतंय म्हणून. नंतरही ती तशीच बोलत राहिली, ऑफिसातसुद्धा. तिला कुणी हसलं नाही. त्या वर्षी कुणाची हिंमतच नव्हती.

११ ऑक्टोबरच्या अरविंद समेत वीर राघवनं माझ्या खोलीतल्या जोडीदाराची पाळी आणली. जानेवारीत आपटलेला त्रिविक्रमच इथे होता, सोबत ज्युनिअर एनटीआर. २९ ऑगस्टला एनटीआरचे वडील हरिकृष्ण रस्ते अपघातात गेले होते आणि या सिनेमात सुरुवातीलाच नायकाचा बाप मारला जातो. प्रेक्षकांना दोन्ही माहीत होतं. एरवी एनटीआरच्या सिनेमात कागदाचे तुकडे उडतात, शिट्ट्या थांबत नाहीत. त्या प्रसंगाला मी पंख्याचा आवाज ऐकला.

रायलसीमेचे फॅक्शन सिनेमे नेहमी जिथे संपतात तिथे हा सुरू होतो. रक्तपात आधीच उरकतो. मग आजीच्या शब्दांनी नायक थांबतो, आणि उरलेला सिनेमा कोयता खाली कसा ठेवायचा याचा आहे. दोन गावांचं वैर पत्त्यांच्या डावातल्या पाच रुपयांवरून पेटलेलं. माझा जोडीदार फॅक्शन सिनेमांवर मनापासून चिडलेला असायचा. प्रोद्दुटूरचा म्हटलं की ऑफिसात लोक विचारायचे, घरात गावठी बॉम्ब आहेत का. त्याच्या घरात किराणा दुकान आहे. या सिनेमात पेंचल दास यांचा आवाज आला, रायलसीमेच्या लोकगीताचा रांगडा आवाज, तेव्हा तो खुर्चीतच ताठ झाला. बाहेर आल्यावर त्यानं आईला फोन लावला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर आवाज न लपवता रायलसीमेच्या बोलीत बोलला.

त्या वर्षाच्या तेलुगू सिनेमांना मिळून सात राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वर सांगितलेल्यांखेरीज महानटीला वेशभूषेचा, आणि फेब्रुवारीत आलेल्या प्रशांत वर्माच्या 'अ!'ला रंगभूषा आणि स्पेशल इफेक्ट्सचे. कंचरपालेमला एकही नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तर तुम्ही कुठून सुरुवात करावी? कंचरपालेमपासून. आणि कृपा करून मूळ तेलुगूत, खाली सबटायटल्स लावून. हिंदी डब केला की चिट्टिबाबू, राजू आणि वीर राघव एकाच स्टुडिओतली एकच हिंदी बोलणार. गोदावरी, विशाखापट्टणम आणि कडपा यांतलं अंतर तिथे पुसलं जातं, आणि या वर्षात जे काही होतं ते त्या अंतरातच होतं. तेलुगूतला एक शब्द कळला नाही तरी कान फरक पकडतो. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी ऐकत वाढलेला मराठी कान तर नक्कीच. त्यानंतर रंगस्थलम पाहा, मग महानटी. कंचरपालेमच्या शेवटाबद्दल आधी कुठेही वाचू नका. मीही तो सांगणार नाही.

कंचरपालेमला आंटींना थिएटरात जाणं जमलं नव्हतं, म्हणून पुढे मी तो त्यांच्या घरी लॅपटॉपवर लावून दिला. त्यांनी शेंगा सोलत पाहिला. शेवटच्या दहा मिनिटांत शेंगा तशाच राहिल्या. नावं सरकायला लागल्यावर मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "थांब बाबू," म्हणाल्या, "परत पहिल्यापासून लाव."