अबोल नायक घमेंडखोर का वाटतो?

प्रश्न : मी प्रेमकादंबरी लिहिते आहे. नायकाला सोशल अँग्झायटी आहे. कच्चा खर्डा वाचून दोन मैत्रिणी म्हणाल्या, तो घमेंडखोर वाटतो. शिवाय शेवटी नायिकेच्या प्रेमामुळे तो बरा होतो, तेही त्यांना पटलं नाही. काय बदलू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मैत्रिणींचं दोन्ही बाबतीत बरोबर आहे. सोशल अँग्झायटी असलेल्याला माणसं नकोशी नसतात. ती आपल्याला तोलताहेत, आपलं हसं होणार, याची त्याला धास्ती असते. ही धास्ती साधारण ६ महिन्यांहून जास्त टिकली आहे का आणि तिच्यामुळे कामं, नाती अडताहेत का, हे डॉक्टर निदान करताना पाहतात. सुरुवात बहुधा किशोरवयातच होते. म्हणजे तिशीतल्या नायकाला ही भीती टाळायच्या पळवाटा चांगल्याच मुरलेल्या असणार. खरं कथानक त्या पळवाटांमध्ये आहे.

कांदेपोह्यांचा प्रसंग घ्या. हात थरथरताना दिसू नये म्हणून तो चहाच नाकारतो. आपला आवाज कसा येतोय याकडेच लक्ष असल्यामुळे तिचा प्रश्न त्याच्या कानावरून जातो, आणि तो नुसतं ‘हो’ म्हणतो. तिला काय दिसतं? चहा नको, नजर नाही, बोलणं तुटक. स्वतःला वाचवायला तो जे करतो, त्यानेच तो शिष्ट ठरतो. हाच प्रसंग आधी तिच्या आणि मग त्याच्या नजरेतून लिहा, घमेंडीचा आरोप गळून पडेल. त्या रात्रीलाही अर्धं पान द्या. एकेक वाक्य आठवून तो स्वतःला सोलत बसतो. हा भाग बहुतेक खर्ड्यांत नसतोच. छातीतली धडधड मात्र दर पानावर नको.

आता ‘बरं होणं’. प्रेमामुळे धीर येतो, भीती जात नाही. उपचारांत जिची भीती वाटते ती गोष्ट पायरी-पायरीने, पळवाट न वापरता करायची असते. त्यासाठी नायकाच्या उखाण्याचं उदाहरण घ्या : आधी तिला व्हॉइस मेसेज, मग तिच्या बहिणीसमोर, मग साखरपुड्यात, शेवटी लग्नात. प्रत्येक वेळी काय बिघडेल ते त्याने आधी लिहावं आणि नंतर खरंच काय झालं ते ताडून पाहावं. उखाणा लिहिलेली हातातली चिठ्ठी सुटली पाहिजे, नाहीतर यश चिठ्ठीच्या नावावर जमा होतं. साखरपुड्यात त्याला दुसरी ओळ विसरू द्या. प्रत्येक पायरी सरळ पार पडली तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नायिकेचीही चूक दाखवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हॉटेलात ऑर्डर तीच देते, त्याचे फोन तीच घेते. हेतू मायेचा, पण त्याने भीती पोसली जाते. मधल्या प्रकरणांतला ताण इथून आणा.

औषध दाखवणार असाल तर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. सकाळी पहिली गोळी आणि संध्याकाळी रिसेप्शनमध्ये गप्पांचा फड, असं लिहू नका.