अंगणातला खुंटा घूं करतो, साप ऐकतो का?

प्रश्न : ताई, आमच्या घराभोवती बऱ्यापैकी मोठं अंगण आहे. मध्यंतरी दोन महिन्यांत तीनदा साप दिसला, एकदा तर थेट मागच्या दाराच्या पायरीखाली. घरात दोन लहान मुलं आहेत. म्हणून आमच्या ह्यांनी उन्हावर चालणारे, जमिनीत रोवायचे चार खुंटे मागवले. दर अर्ध्या मिनिटाला ते घूं करतात. खोक्यावर लिहिलंय की या कंपनांनी साप आवाराबाहेर पळतात. सासूबाई म्हणतात, ‘त्या आवाजाने माझी झोप गेली, सापाची काही गेलेली दिसत नाही.’ खुंटे लावल्यावर तीन आठवडे साप दिसला नव्हता, परवा पुन्हा दिसला. खुंटे कमी पडले की जागा चुकली? आणखी चार घ्यावेत का? — एक वाचक

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. निम्मं उत्तर त्यांनीच देऊन टाकलंय. आणखी चार घेऊ नका. आहेत ते परत घेत असतील तर परत करा.

सव्वीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं लोकांच्या घरांतून साप काढत हिंडले. त्यामुळे या यंत्रांशी माझी गाठ दोन्हीकडून पडली आहे. वर्गात मुलं विचारायची, आणि साप काढायला जावं तर तिथे हटकून एखादा खुंटा रोवलेला असायचा. तो असूनही मला बोलावणं आलेलं असायचं, हे वेगळं सांगायला नको.

यात दोन जाती आहेत. भिंतीतल्या प्लगला लावायचं ते अल्ट्रासॉनिक यंत्र. त्याचा निकाल एका परिच्छेदात लागतो. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो अल्ट्रासॉनिक. सापाचं ऐकणं आपल्यापेक्षा पुष्कळ खालच्या पट्टीतलं, ढोबळमानाने 80 ते 600 हर्ट्झ. म्हणजे जे यंत्र आपल्याला ऐकू येत नाही, ते सापाला तर मुळीच येत नाही. कुत्र्याला साधारण 45,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याहूनही वर. तेव्हा त्या यंत्राचा त्रास झालाच तर घरातल्या मोतीला होईल, सापाला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 साली अल्ट्रासॉनिक यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना पत्रं धाडली होती, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागेल. यंत्रं अजूनही विकली जातात, ती गोष्ट वेगळी.

तुमचे खुंटे दुसऱ्या जातीचे. त्यांची बाजू थोडी बरी आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

साप बहिरा असतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं नाही. त्याला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. पण आतला कान आहे, आणि तिथून एक बारीक हाड थेट जबड्याच्या सांध्याशी जोडलेलं आहे. साप हनुवटी जमिनीला टेकवून पडलेला असतो, तेव्हा जमिनीचं कंपन जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोचतं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉयल पायथन जातीच्या अजगरांवर प्रयोग केले. ते 2012 साली प्रसिद्ध झाले. हवेतून आलेल्या आवाजाने अजगराची कवटीच किंचित थरथरते आणि तो थरथराट त्याला ‘ऐकू’ येतो, असं त्यात दिसलं. सगळ्यात तीक्ष्ण ऐकणं 80 ते 160 हर्ट्झच्या आसपास. तेव्हा खुंट्याची घूं सापाला कळू शकते, हे मी मान्य करते.

पण कळणं वेगळं आणि घर सोडून जाणं वेगळं. तुमच्या गल्लीतून ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरतात. तुम्ही त्यासाठी घर बदलता का?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बंद, आवाज न झिरपणाऱ्या खोलीत 19 साप एकेक करून सोडले आणि 450 हर्ट्झपर्यंतच्या पट्टीतले वेगवेगळे आवाज ऐकवले. हा अभ्यास 2023 साली आला. त्यात तायपान, ब्राउन स्नेक आणि डेथ ॲडर हे विषारी साप आवाजापासून दूर जाताना दिसले. वोमा नावाचा अजगर मात्र आवाजाच्या दिशेने सरकत होता. आता दुकानदार पहिलं वाक्य सांगेल, दुसरं गिळून टाकेल. शिवाय हे घडलं रिकाम्या खोलीत, एका नव्या आवाजाला, त्या घटकेपुरतं. तुमच्या अंगणात तोच आवाज, त्याच जागेवरून, दिवसाला अडीच-तीन हजार वेळा येतो आणि त्यामागून कधीच काही येत नाही. पाऊल नाही, काठी नाही, मुंगूस नाही. अशा धमकीला कोण किती दिवस भीक घालणार?

मी एकदा हे मुद्दाम बसून पाहिलंय. एका घरी फरशीच्या तुकड्याखाली धामण होती, तोंड बाहेर काढून. तिथून हातभर अंतरावर खुंटा, आणि खुंटा अगदी चालू स्थितीत. पिशवी मांडीवर ठेवून मी दहा मिनिटं नुसती बसले. पहिल्या घूंला जीभ दोनदा लवलवली. दुसऱ्या वेळी एकदा. नंतर खुंटा आपला ओरडत राहिला आणि धामण माझ्याकडे बघत राहिली. मग मी एक पाय उचलून जोरात आपटला, तशी ती झर्रकन फरशीखाली गेली. घरमालक मागून म्हणाले, ‘बघा, घाबरतात ते कंपनांना!’ मी काय बोलणार. एका धामणीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण पावलाचा धक्का आणि खुंट्याचं रडगाणं यातला फरक तिला कळत होता, एवढं मात्र दिसलं.

याहून मोठा दाखला हवा असेल तर प्रशांत महासागरातल्या गुआम बेटाचा घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तिथे ब्राउन ट्री स्नेक नावाचा साप पोचला आणि त्याने बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले. हा साप विजेच्या खांबांवर चढतो, तारांवर आणि ट्रान्सफॉर्मरवर जातो. त्यापायी बेटाची वीज शेकडो वेळा गेली आहे. ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास गुणगुणतो, म्हणजे सापाच्या ऐकण्याच्या ऐन पट्टीत. त्या गुणगुणीने तिथले साप दूर राहत नसतील, तर तुमच्या प्लास्टिकच्या खुंट्याने काय होणार?

मग ते तीन आठवडे? त्यांचं सांगते. साप अंगणात रोज असला तरी रोज दिसत नाही. मोठं भक्ष्य गिळलं की तो कित्येक दिवस हलत नाही. कात टाकायच्या आधी त्याच्या डोळ्यांवर दुधी झाक येते, दिसेनासं होतं, तेव्हा तर तो दडूनच बसतो. दोन महिन्यांत तीनदा दिसणारा साप तीन आठवडे न दिसणं यात नवल काहीच नाही. आणखी एक विचारते, खुंटे रोवायच्या आधी तुम्ही तिथलं गवत काढलंत का? दगड-विटा बाजूला केल्यात? हातोड्याने ठोकाठोक झाली असेल, चार माणसं अंगणभर फिरली असतील. साप हटला असेल तर त्याने, खुंट्याने नाही.

एका गृहस्थांनी मला त्यांच्या खुंट्याची भारी तारीफ ऐकवली होती. वर्षभर साप फिरकला नाही म्हणे. मी सहज टोपी फिरवून काढली. आत पाणी शिरून बॅटरी फुगलेली, तारा हिरव्या पडलेल्या, आणि काळ्या मुंग्यांनी पांढरी अंडी रचून ठेवलेली. कधी मेला होता कोण जाणे. मेलेल्या खुंट्याने इमानेइतबारे साप पळवले होते! तुमचेही चारही चालू आहेत का, एकदा बघा. वरच्या काचेवर धूळ बसली किंवा आठवडाभर आभाळ राहिलं तरी हे मुके होतात.

आता तुमच्या पायरीकडे येऊ, कारण मला खरी काळजी तिची आहे. पायरीखाली पोकळी आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. गारवा, अंधार, आणि मागचा नळ तिथेच गळत असेल तर ओल. ओलीला बेडूक येतात. दारावरचा दिवा रात्रभर जळत असेल तर किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली, त्यांच्यामागे साप. पाखरांना टाकलेले दाणे रात्री तसेच राहत असतील तर उंदीर येतात, आणि उंदराच्या बिळात साप फुकटात बिऱ्हाड थाटतो. बीळ त्याने स्वतः खणलेलं नसतं. ही माळ कुठे तोडायची ते तुम्हीच घरात फिरून ठरवा. पायरीखालची पोकळी सिमेंटने भरून घ्या, पण आधी आत कुणी नाही याची जाणकाराकडून खात्री करून. साप आत कोंडला तर तो दुसरी वाट काढेल, आणि ती घरातून असू शकते. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, सांडपाण्याच्या पाइपाला जाळी. रचलेली लाकडं, विटा, कुंड्या भिंतीपासून लांब, शक्य तर जमिनीपासून वीतभर उंच.

मुलांच्या खेळण्यापुरता एखादा कोपरा हवा असेल तर कुंपणाचा उपाय आहे. 6 मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नसलेली ताठ धातूची जाळी, जमिनीवर 90 सेंटिमीटर, जमिनीखाली 15 सेंटिमीटर, आणि वरचा भाग 30 अंशांनी बाहेर कललेला. आधाराचे खांब आतल्या बाजूला, नाहीतर साप त्यांच्यावरून चढतो. फाटक जमिनीला टेकलेलं हवं, बाहेरून वेल-फांद्या टेकलेल्या नकोत. सगळ्या आवाराला हे करणं खर्चाचं आणि कटकटीचं, एका कोपऱ्याला जमतं. रोपांवर टाकतात ती सैल नायलॉनची जाळी मात्र वापरू नका. साप त्यात अडकून सोलवटून मरतो. ती सोडवताना माझीही बोटं कापली आहेत.

विजेवर चालणारं एकच यंत्र मी सापासाठी सुचवते, टॉर्च. रात्री अंगणात जाताना हातात टॉर्च, पायात बंद बूट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी 81,000 ते 1,38,000 माणसं सर्पदंशाने मरतात. खुंट्याबद्दल माझा राग आवाजापुरता नाही. तो लावला की माणसं अनवाणी फिरायला लागतात. चावलंच तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला स्वस्थ ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तडक न्या. सापाच्या मागे धावण्यात एक मिनिट घालवू नका.

प्रश्न : खुंट्यांऐवजी कुंपणाकडेने डांबरगोळ्या किंवा गंधक टाकलं तर? — एक वाचक

उत्तर : नको. नॅप्थलीन (डांबरगोळीतलं रसायन) आणि गंधकाची मिश्रणं तपासून झाली आहेत, साप त्यांच्यावरून खुशाल जातात. गुआमच्या त्याच सापांवर दालचिनी आणि लवंगेच्या तेलाचा फवारा मारून पाहिला, तेव्हा ते पळाले. पण तो फवारा थेट सापावर होता, अंगणभर शिंपडलेला नव्हता. डांबरगोळी एखाद्या मुलाने गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. सापाच्या भीतीने घरात विष पसरायचं, हे काही मला पटत नाही.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक यंत्राने उंदीर पळाले तर साप आपोआप जातील ना? — एक वाचक

उत्तर : विचार बरोबर, यंत्र चुकीचं. उंदराला अल्ट्रासॉनिक आवाज ऐकू येतो, हे खरं. पण तो थोड्याच दिवसांत त्याला सरावतो. शिवाय हा आवाज भिंतीपार जात नाही, कपाटामागे, पोत्यामागे त्याची सावली पडते, आणि उंदीर नेमका सावलीत राहतो. सापळा लावा, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बिळं बुजवा. उंदरांना विष घालू नका, तो उंदीर पुढे घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो. आणि पहिल्या पत्रातल्या बाईंना एक सांगायचं राहिलं, खुंटे उपटाल तेव्हा त्यांची भोकं मातीने ठासून भरा.